मोर्स आठ शब्दांवरच अडकलाय. नवी चावी घेऊ, नवा सेट घेऊ, की नाद सोडू?

मेडिकलवाला (तासगाव)
शनिवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगतो.

माझं तासगावात मेडिकलचं दुकान आहे. वय ४७. हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स घेऊन सहा वर्षं झाली. मी परीक्षा दिली तेव्हा जनरल ग्रेडला मोर्स, म्हणजे टिंबं-रेघांची तारेची भाषा, मिनिटाला ८ शब्दांच्या वेगानं घेता आणि पाठवता यावा लागायचा. तो मी शुद्ध घोकंपट्टीवर काढला. न्हाणीघराच्या दारावर तक्ता, बिलबुकाच्या पुठ्ठ्यावर तक्ता, स्कूटरच्या डिकीत तक्ता. पास झालो, कॉलसाइन (हवेवरचं माझं नाव) आलं, गल्लीत पेढे वाटले. तिथं जी गाडी थांबली ती आजपर्यंत.

होतं असं की टोन कानावर पडला की डोकं आधी टिंबं-रेघा मोजतं, मग आतला तो तक्ता उघडतं, मग अक्षर हुडकतं. तोवर पुढची दोन अक्षरं स्टँडवरून सुटलेली असतात. एच, एस आणि ५ हे तर माझे जन्माचे वैरी. चार टिंबं होती, तीन होती की पाच, हे मला अजून खात्रीनं सांगता येत नाही. पाठवायला मात्र हात चांगला बसलाय. सीक्यू ('कोणी आहे का?' ही हाक) आणि माझं कॉलसाइन तर मी झोपेतही झकास देतो.

गेल्या महिन्यात रात्री शटर ओढल्यावर धीर केला. ७.०२० मेगाहर्ट्झच्या आसपास रिकामी जागा बघून सीक्यू दिला. तिसऱ्या हाकेला उत्तर आलं! जपानचं स्टेशन. माझं कॉलसाइन दोनदा दिलं, तेवढं कळलं, आणि पुढं जे सुरू झालं ते पत्र्यावर पाऊस पडावा तसं. मी काय केलं असेल? सेट बंद केला. म्हणजे दारात पाहुणा उभा आणि आपण दिवा मालवून आत गप्प बसलो. त्या माणसानं चार-पाच वेळा प्रश्नचिन्ह पाठवलं असणार. अजून आठवलं की कान तापतात.

आता सामान. सेट म्हणजे मायक्रोबिटएक्स, हैदराबादच्या अशर फरहान यांनी रचलेला, मी किट मागवून स्वतः डब्यात बसवलेला. चावी, म्हणजे मोर्स पाठवायचा खटका, पुण्याच्या जुन्या बाजारातून रविवारी घासाघीस करून आणलेली पितळी सरळ चावी. दिसायला देखणी, पण स्प्रिंग इतकी ताठ की पंधरा मिनिटांत मनगट भरून येतं. अँटेना स्लॅबवर, उलट्या व्ही आकाराची, दोन्हीकडं दहा-दहा मीटर तार.

या सेटवर आणखी एक त्रास म्हणजे एका वेळी तीन-तीन स्टेशनं ऐकू येतात. शेजारची स्टेशनं गाळणारा वेगळा अरुंद फिल्टर मोर्ससाठी त्यात नाहीच.

हौसेसाठी ४० हजार बाजूला ठेवलेत. अरुंद फिल्टरचा तयार सेट घेऊ? की चांगलं पॅडल? की मोबाइलवर डीकोडर टाकून मोकळा होऊ? घरची मंडळी म्हणतात, "सहा वर्षं नुसतं टूंटूं चाललंय, एकदा तरी कोणाशी बोला की." त्यांचंही बरोबर आहे.

---

टेकडीवरून
शनिवार, रात्री ११:४०

डीकोडर टाका आणि बोलायला लागा. स्क्रीनवर अक्षरं येतात, आपण वाचायची. मी तेच करतो. भीती गेली की शिकणं आपोआप होतं.

---

सोल्डरची वाफ (पुणे)
रविवार, सकाळी ८:०५

मेडिकलवाले, दिवा मालवून बसण्याचा किस्सा वाचून चहा सांडला. मीही हे केलंय, फक्त माझ्या वेळी मलेशिया होता.

सामानावरच बोलते, कान शिकवणारे इथं माझ्यापेक्षा जाणते आहेत.

सेट बदलू नका. तुमच्या सेटचा फिल्टर बोलण्यासाठी केलेला आहे, दोन किलोहर्ट्झच्या वर रुंद. मोर्सचं एक स्टेशन शे-दीडशे हर्ट्झमध्ये मावतं, म्हणजे तुमच्या खिडकीतून अख्खी गल्ली दिसते. त्यावर उपाय म्हणून हेडफोनच्या वाटेवर ऑडिओ फिल्टर बसवा, साधारण ५०० हर्ट्झ रुंदीचा. त्याहून फार अरुंद नको. स्वस्तातले खूप अरुंद फिल्टर घंटेसारखे घुमतात, टिंब संपलं तरी शेपूट वाजत राहतं आणि खरखरसुद्धा मोर्ससारखी ऐकू येते. तुमचं एच-एस-५ चं दुखणं त्यानं वाढेल.

फक्त मोर्सपुरता दुसरा सेट हवाच असेल तर क्यूआरपी लॅब्सचं क्यूसीएक्स मिनी किट बघा. एकच बँड, पाचेक वॅट, २०० हर्ट्झचा फिल्टर आणि तो घुमत नाही. कीअर, म्हणजे टिंबं-रेघा आपोआप तयार करणारं सर्किट, आतच आहे. मी ४० मीटर बँडचं (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचं) बांधलं. बारीक एसएमडी भाग बसवूनच येतात, पण त्यात एक टोरॉइड, म्हणजे तार गुंडाळायचं कडं, आहे ज्यावर चार वेगवेगळ्या गुंडाळ्या घ्यायच्या असतात. मी घेतल्या, मोजल्या, परत मोजल्या, लावला, आणि हेडफोनमध्ये स्मशानशांतता. दोन रात्री घालवल्या. शेवटी भिंगातून पाहिलं तर एका टोकाचं एनॅमल खरवडलंच गेलं नव्हतं. सोल्डर वरून छान चमकत होतं, आत तांब्याला स्पर्शच नाही. ब्लेडनं खरवडून पुन्हा लावलं आणि पहिल्यांदा कानात समुद्र आला. तुम्ही एक किट उभं केलंय, तुम्हाला जमेल. घाई मात्र नाही.

पॅडल घ्या. मनगटासाठी तरी घ्याच. एका बाजूला टिंबं, दुसऱ्या बाजूला रेघा, आणि रेघ बरोबर तीन टिंबांएवढी ठेवायचं काम कीअरचं. तुमच्या सेटच्या सॉफ्टवेअरमध्ये कीअर आहे, जोडताना दोन-तीन रेझिस्टर लागतील. दोन पात्यांचं घेतलंत तर सेटिंगमध्ये ए आणि बी असे दोन प्रकार दिसतील. दोन्ही पाती दाबून सोडली की ए तिथल्या तिथं थांबतो, बी जाता जाता एक उलटं चिन्ह जास्तीचं टाकतो. कुठलाही एक धरा आणि जन्मभर तोच ठेवा. मी मध्येच बदलला होता आणि महिनाभर माझ्या प्रत्येक सी ला शेपूट फुटत होतं.

अवांतर: हलकं पॅडल टेबलावर पळतं. खाली लोहचुंबक असलेलं घ्या आणि आईचा जुना लोखंडी तवा उलटा ठेवून त्यावर चिकटवा. आमच्याकडे तीन वर्षं डोसे नॉनस्टिकवर होताहेत.

---

कडकट्ट (देवगड)
रविवार, दुपारी ३:३०

मी १९७९ पासून व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. १९९९ च्या १ फेब्रुवारीला उपग्रहाची नवी व्यवस्था जगभर पूर्ण लागू झाली आणि आमची जमात संपली. आता देवगडात कलमांच्या बागेत अँटेना आहे. तेव्हा थोडं लांबण लावतो, सहन करा.

मेडिकलवाले, मला एक सांगा. डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर आली की तुम्ही ती कशी वाचता? पहिलं अक्षर पी, दुसरं ए, तिसरं एन, असं लावत बसता? त्या वेटोळ्यांत अक्षरं असतात तरी का? मला ते झुरळ शाईत बुडवून सोडल्यासारखं दिसतं. तुम्ही एका नजरेत गोळी, मात्रा, दिवसातून किती वेळा, सगळं ओळखता आणि हात आपोआप फळीकडे जातो. नवीन पोरगा ठेवलात तर तो अक्षरं लावत बसतो आणि गिऱ्हाईक खोळंबतं. मोर्समध्ये तुम्ही अजून तो नवीन पोरगा आहात. दोष तुमचा नाही, तक्त्याचा आहे. तक्ता डोळ्यांनी शिकवतो आणि काम कानाचं आहे.

आठ शब्दांच्या वेगाचा घोळ काय होतो तो बघा. 'पॅरिस' हा शब्द रोमन अक्षरांत, पुढच्या मोकळ्या जागेसकट, बरोबर ५० टिंबांएवढा लांब असतो; वेग त्याच्यावर मोजतात. मिनिटाला ८ शब्द म्हणजे एक टिंब १५० मिलिसेकंदांचं. एवढ्या वेळात माणूस मोजू शकतो, म्हणून तो मोजतो. २० शब्दांना टिंब ६० मिलिसेकंदांचं होतं. तिथं मोजणं शक्यच नाही, म्हणून कान निमूट आकार ओळखायला लागतो. मोजणारा माणूस दहा-बारा शब्दांच्या भिंतीवर डोकं आपटत राहतो, कितीही तास घातले तरी.

म्हणून उद्यापासून अक्षर २० च्या वेगानं ऐकायचं, पण दोन अक्षरांच्या मध्ये भरपूर मोकळी जागा सोडायची. याला फार्न्सवर्थ म्हणतात. आणि सव्वीस अक्षरं एकदम नको. १९३० च्या दशकात लुडविग कॉख नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं पद्धत काढली: पहिल्या दिवशी फक्त दोन अक्षरं, पूर्ण वेगात. शंभरातली नव्वद बरोबर आली की तिसरं. एलसीडब्ल्यूओ नावाची फुकट साइट आहे, ती के आणि एम पासून सुरू करते. डाडिडा. डाडा. तुम्हाला वाटेल लायसन्सवाल्या माणसानं पहिलीत बसायचं? बसायचं. रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. रविवारी एकदम तीन तास केलंत तर काहीही हाती लागणार नाही. आणि तोंडानं 'टिंब-रेघ' म्हणायचं बंद. म्हणायचंच तर डि आणि डा.

कानानं ओळखणं म्हणजे काय ते जहाजावरच्या एका गोष्टीवरून सांगतो. बॉम्बे रेडिओ हे किनाऱ्यावरचं स्टेशन ठरल्या वेळी ट्रॅफिक लिस्ट द्यायचं, म्हणजे ज्या ज्या जहाजांसाठी तारा आल्यात त्यांची कॉलसाइन्स, एकामागून एक. मी तेव्हा चहा पीत असे, पाय वर करून. काही लिहीत नसे. पण आमच्या जहाजाची ती चार अक्षरं आली की कप खाली जायचा. अक्षरं ऐकून नव्हे, ती अख्खी चाल ओळखीची होती. आपल्या बायकोची हाक बाजारात कशी ओळखू येते, तसं. तुमचं स्वतःचं कॉलसाइन तुम्हाला जपान्याच्या तोंडून कळलंच ना? मग कान शाबूत आहे. तशीच ओळख 'पाच-एन-एन', 'टीयू', 'नेम', 'क्यूटीएच' यांच्याशी करून घ्या. पहिल्या भेटीतलं संभाषण बरंचसं ठरलेलं असतं: सिग्नल कसा (पाच-एन-एन), नाव काय (नेम), गाव कुठलं (क्यूटीएच), धन्यवाद (टीयू), ७३ (शुभेच्छा). तुमच्या काउंटरवरचं बोलणं तरी याहून कुठं वेगळं असतं?

आता तुमच्या जपान्याकडे येऊ. रोग मला चिठ्ठी न बघता कळला. तुम्ही लिहिलंय की सीक्यू झोपेतही झकास देता. इथंच घात झाला. जो माणूस १८ च्या वेगानं हाक मारतो त्याला सभ्य माणूस १८ च्याच वेगानं उत्तर देतो, हा हवेवरचा शिष्टाचार आहे. तुम्ही न येणाऱ्या वेगानं बोलावलंत आणि त्यानं तुमचा मान राखला. जेवढं घेता येतं तेवढ्याच वेगानं सीक्यू द्या, तो थांबेल. तरी जोरात आलाच, तर 'पीएसई क्यूआरएस' पाठवा. आमच्या मालवणीत 'वायच हळू'. त्याला कुणी हसत नाही. याला खर्च शून्य.

डीकोडरवर माझा राग आहे, टेकडीवरून यांनी मनाला लावून घेऊ नये. यंत्रानं पाठवलेला, स्वच्छ, मोठा सिग्नल तो छान वाचतो. हातानं पाठवलेला, खालीवर होणारा, शेजारी दुसरा वाजतोय असा आला की त्याची ई-टी-ई-टी सुरू होते. म्हणजे गरज असते तेव्हाच तो पळून जातो. आणि डोळा स्क्रीनवर असला की कान झोपतो.

फिल्टरबद्दल सोल्डरताईंशी अर्धा सहमत. आमचा ५०० किलोहर्ट्झ म्हणजे एकच मोठी गल्ली, सगळी जहाजं तिथंच हाक मारणार. रेडिओ रूमच्या घड्याळावर दोन लाल पाचरी रंगवलेल्या असत, १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटांवर. ती तीन-तीन मिनिटं सगळ्यांनी तोंड मिटायचं, दूरवर कुणी बारीक आवाजात एसओएस देत असेल तर ऐकू यावा म्हणून. काटा लाल पाचरीत शिरला की तो सगळा गोंगाट एकदम थांबायचा. नुसती खरखर. पहिल्या सफरीत त्या शांततेची मला भीती वाटायची. सांगायचं ते असं की उरलेला सगळा तास त्या गोंगाटात एकच आवाज धरून ठेवायला कान शिकतो, त्याला गिरवायची संधी द्या. महिनाभर फिल्टर न लावता ऐका, मग बसवा.

चावी फेकू नका. स्प्रिंग सैल करा, दोन टोकांमधली फट साधारण एका व्हिजिटिंग कार्डाएवढी ठेवा, आणि कोपरापासून हात टेबलावर टेकवा. मला वाटतं तुम्ही बोटांनी ठोकताय. ठोकायचं नाही, मनगट खाली-वर झुलायला हवं. तारमास्तरांचे हात याच ठोकण्यानं कामातून जायचे. पॅडल जरूर घ्या, पण महिन्यानं.

---

टेकडीवरून
रविवार, सायं. ५:१०

काका, मनाला लावून घेतलेलं नाही. पण ई-टी-ई-टी अगदी खरं आहे, काल रात्रीच अनुभव आला. वाचनखूण साठवली.

---

मेडिकलवाला (तासगाव)
२१ दिवसांनी, रविवार, दुपारी २:२०

धागा वर काढतोय, हिशेब द्यायला.

तक्ते काढले. न्हाणीघराच्या दारावरचा निघताना रंग घेऊन निघाला, त्यावरून बोलणी खाल्ली. स्प्रिंग दोन आटे सैल केली, कोपर टेबलावर आलं, आणि मनगट दुखायचं थांबलं. सहा वर्षं मी त्या चावीवर खलबत्त्यात ओवा कुटल्यासारखं कुटत होतो.

रोज रात्री शटर ओढल्यावर पंधरा मिनिटं. पहिले आठ दिवस फार अपमान झाला. के आणि एम, फक्त दोन अक्षरं, आणि तीही चुकायची, कारण डोकं जुनी सवय सोडंना. आज अकरा अक्षरांवर आहे. एस आलाय, एच अजून लांब आहे, पण एस आता 'तीन टिंबं' वाटत नाही. नुसता एस वाटतो. हे कसं सांगावं कळत नाही.

परवा दुकानात बिल करत होतो. बाहेर ऊसवाल्या ट्रॅक्टरनं हॉर्न मारला, लांब-तोकडा-लांब. मी मान वर न करता "के" म्हणालो. समोरच्या आजी म्हणाल्या, "काय के?" मी म्हटलं, "काही नाही, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर."

सोल्डरताई, पॅडल मागवलंय, चुंबकवालं. तवा मिळालेला नाही, वाटाघाटी चालू आहेत. बाकीचे पैसे तसेच आहेत.

काका, एक विनंती. पहिली भेट अनोळखी माणसाशी करायची अजून छाती होत नाही. तुमच्याशी आधी होईल का? रात्री दहानंतर मी मोकळा असतो. अकरा अक्षरांत काय जमेल ते बोलू. दहाच्या वेगानं.

---

कडकट्ट (देवगड)
रविवार, दुपारी ४:०५

अकरा अक्षरांत पुष्कळ बोलता येतं. बाकीची कागदावर टिंबं मांडून सोडवा, मी थांबेन.

रात्री जमणार नाही. वेळ मला आहे, पण देवगड-तासगाव अंतर फार कमी आहे. रात्री लहरी परत खाली पाठवणारा आकाशातला वरचा थर विरळ होतो, ४० मीटरची लहर सरळ वर गेली तर परत खाली येत नाही, तिरकी गेली तर तुमच्या डोक्यावरून हजार-दोन हजार किलोमीटर पुढं पडते. म्हणून तर तुम्हाला जपान मिळाला आणि सांगली मिळत नाही. दिवसा या. रविवारी दुकान किती वाजता बंद?

---

मेडिकलवाला (तासगाव)
रविवार, दुपारी ४:११

दीडला. दोनपर्यंत जेवण.

---

कडकट्ट (देवगड)
रविवार, दुपारी ४:१४

मग पुढच्या रविवारी सव्वादोन, ७.०२८. हाक तुम्ही मारायची, आठच्या वेगानं. आणि सेटच्या स्विचवर आधीच चिकटपट्टी लावून ठेवा.